की-बोर्ड सुरुवातीला चालतो, मग गप्प का होतो?

संगणकाचे बटन दाबले की की-बोर्डवरील तिन्ही दिवे क्षणभर उजळतात. निर्मात्याचे बोधचिन्ह पडद्यावर असताना 'डिलीट' किंवा 'एफ-२' दाबले तर बायोसची निळी-करडी पाने उघडतात, बाणांच्या कळांनी त्यात वर-खाली फिरताही येते. म्हणजे की-बोर्ड ठीक आहे. पण विंडोज सुरू होऊन पासवर्डची चौकट समोर आली की तोच की-बोर्ड मुका होतो. कितीही कळा बडवल्या तरी चौकटीत एक ठिपकाही उमटत नाही. घरोघरी आणि कचेऱ्यांतून आढळणारी ही तक्रार दिसायला किरकोळ आहे. परंतु तिच्यावर केले जाणारे उपाय पुष्कळदा किरकोळ नसतात. काही जण नवा की-बोर्ड विकत आणतात आणि तोही तसाच वागतो. काही जण संगणक दुरुस्तीला देतात आणि 'विंडोज उडाले आहे, फॉरमॅट मारावा लागेल' हा निर्णय मुकाट्याने मान्य करतात. मग दहा वर्षांची छायाचित्रे, हिशेबाच्या फायली आणि अर्धवट राहिलेला प्रबंध एका दुपारी पुसला जातो. प्रत्यक्षात यातील बहुसंख्य बिघाड फॉरमॅटशिवाय दूर होण्याजोगे असतात. त्यासाठी हा बिघाड नेमका कोठे होतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

दोन धनी, एक चाकर

की-बोर्ड हे दिसते तितके साधे यंत्र नाही. कळांच्या खाली आडव्या-उभ्या तारांची एक जाळी असते आणि आतील छोटी चिप ती जाळी सतत तपासत असते. कळ दाबली की एक आडवी व एक उभी रेघ जोडली जाते, चिप त्या जागेचा सांकेतिक क्रमांक ठरवते आणि तो संगणकाकडे पाठवते. 'क' किंवा 'ए' हे अक्षर की-बोर्ड पाठवत नाही. तो केवळ कोणती कळ दाबली गेली ते सांगतो. त्या कळेचा अर्थ लावण्याचे काम संगणकातील आज्ञावलीचे असते.

खरी मेख येथेच आहे. संगणक सुरू होताना हा अर्थ लावणारी आज्ञावली एकदा बदलते. प्रारंभीचे काही सेकंद मदरबोर्डवरील बायोस, किंवा अलीकडच्या संगणकांतील यूईएफआय, की-बोर्डचा कारभार पाहते. त्यानंतर विंडोज सूत्रे हाती घेते आणि स्वतःचे ड्रायव्हर बसवून की-बोर्डशी नव्याने ओळख करून घेते. यूएसबी की-बोर्डच्या बाबतीत तर या दोन्ही वेळची भाषाही वेगळी असू शकते. यूएसबीच्या नियमांत बायोससाठी 'बूट प्रोटोकॉल' नावाची एक सोपी पद्धत ठरवून दिलेली आहे. तिच्यात की-बोर्ड आठ बाइटचा ठरावीक संदेश पाठवतो. त्यातील पहिला बाइट शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट यांसारख्या कळांचा, दुसरा राखीव आणि उरलेले सहा एका वेळी दाबलेल्या सहा कळांचे. विंडोज मात्र सविस्तर पद्धतीने संवाद साधू शकते. एका धन्याच्या हाताखाली नीट काम करणारा चाकर दुसऱ्या धन्याची आज्ञा न समजल्याने उभाच राहावा, तसा हा प्रकार असतो.

म्हणूनच 'बायोसमध्ये चालतो, विंडोजमध्ये चालत नाही' हे लक्षण अतिशय मोलाचे आहे. ते असे सांगते, की कळा, चिप, वायर आणि बहुधा यूएसबीचे छिद्रही शाबूत आहे. घोटाळा सूत्रे हस्तांतरित होताना किंवा त्यानंतर झाला आहे. याउलट बायोसमध्येही की-बोर्ड हलत नसेल तर वायर, पोर्ट किंवा खुद्द की-बोर्ड यांच्याकडे संशयाची सुई वळते. दुरुस्तीचा पहिला प्रश्न त्यामुळे 'चालतो का' असा नसून 'कुठपर्यंत चालतो' असा असला पाहिजे.

दिवा काय सांगतो?

दुसरी सोपी परीक्षा 'कॅप्स लॉक'च्या दिव्याची. बहुतेकांचा समज असा असतो, की ही कळ दाबली की तिचा दिवा की-बोर्ड स्वतः लावतो. सर्वसाधारणपणे तसे नसते. कळ दाबल्याची खबर संगणकाकडे जाते आणि संगणकाने उलट आज्ञा दिल्यावर दिवा लागतो. म्हणून पासवर्डच्या पडद्यावर कॅप्स लॉक दाबून दिवा लागत-विझत असेल, तर की-बोर्ड आणि विंडोज यांच्यातील जाण्या-येण्याचा रस्ता खुला आहे, असे समजावे. अशा वेळी ड्रायव्हर नव्हे, तर एखादी सेटिंग आडवी आलेली असते. दिवा अजिबात हलत नसेल तर रस्ताच बंद आहे. काही वायरलेस की-बोर्डना असे दिवे नसतात, तेथे ही परीक्षा अर्थातच उपयोगाची नाही.

बिघाड नसलेले बिघाड

दिवा लागतो पण अक्षर उमटत नाही, अशा वेळी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली 'नम लॉक'. पासवर्डऐवजी अंकी पिन वापरणारे अनेक जण उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीवरून तो टाइप करतात. सुरुवातीला नम लॉक बंद असेल तर त्या कळा आकडे न देता बाणांचे काम करतात आणि चौकट रिकामीच राहते. वरच्या ओळीतील आकडे वापरून पाहिले की हा उलगडा होतो. काही जुन्या छोट्या लॅपटॉपमध्ये नेमके उलट घडते. तेथे नम लॉक चालू राहिल्यास 'जे', 'के', 'एल' या कळांवरून एक, दोन, तीन उमटू लागतात आणि अचूक पासवर्डही चुकीचा ठरतो.

दुसरी गोष्ट 'फिल्टर कीज'. हात थरथरणाऱ्या व्यक्तींना चुकून लागलेल्या कळांचा त्रास होऊ नये, म्हणून विंडोजमध्ये ही सोय दिलेली आहे. उजवीकडची शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून धरली की ती सुरू करण्याविषयी विचारणा होते. टेबलावरची वही की-बोर्डवर सरकली किंवा घरातील बालकाने कळ दाबून धरली, आणि समोर आलेली चौकट न वाचताच 'एंटर' दाबले, की काम झालेच. त्यानंतर विंडोज क्षणिक स्पर्शांकडे दुर्लक्ष करते. कळ थोडा वेळ दाबून ठेवल्यावर अक्षर उमटत असेल तर कारण हेच. उजवी शिफ्ट पुन्हा आठ सेकंद दाबून ती बंद करता येते.

तिसरी गोष्ट मराठीत लिहिणाऱ्यांना विशेष लागू आहे. ज्यांनी इनस्क्रिप्ट किंवा अन्य मराठी कळफलक बसवलेला आहे, त्यांच्या पडद्यावर कधी कधी लॉगिनच्या वेळीच मराठी निवडलेले राहते. पासवर्डच्या जागी केवळ ठिपके दिसत असल्याने ते ठिपके इंग्रजी अक्षरांचे की देवनागरीचे, हे कळायला मार्ग नसतो. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातील भाषेच्या चिन्हावर माउसने क्लिक करून इंग्रजी निवडावे. चौकटीतील डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केल्यास टाइप झालेला मजकूरही पाहता येतो.

आधी आत शिरा

की-बोर्ड मुका असला तरी संगणक बंद पडलेला नसतो, हे लक्षात ठेवावे. माउस चालत असल्यास विंडोज १० व ११ मध्ये लॉगिनच्या पडद्यावर खाली उजवीकडे सुलभता सुविधांचे चिन्ह असते. त्यात 'ऑन-स्क्रीन की-बोर्ड' निवडला की पडद्यावरच कळा उमटतात आणि माउसने पासवर्ड भरता येतो. एवढे जमले की निम्मी चिंता मिटते. आत शिरल्यावर पहिले काम दुरुस्तीचे नव्हे, तर महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत काढण्याचे असावे. पेन ड्राइव्हवर प्रत घेण्यासाठी माउस पुरेसा आहे.

दुसरे काम तितकेच मोलाचे आहे. अनेक नव्या लॅपटॉपमधील डिस्क 'बिटलॉकर' किंवा तत्सम कूटबद्धतेने आपोआप बंदिस्त झालेली असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. बायोसमधील काही सेटिंग किंवा विंडोज सुरू होण्याची पद्धत बदलली की असा संगणक पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती नसेल तर डिस्कवरील माहिती कायमची हातची जाते. कोणताही तंत्रज्ञ ती मिळवून देऊ शकत नाही. ही किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, कचेरीचा संगणक असल्यास तेथील संगणक विभागाकडे, किंवा कधीकाळी छापून ठेवलेल्या कागदावर असते. पुढील कोणताही प्रयोग करण्यापूर्वी ती शोधून वेगळी लिहून ठेवावी.

'शट डाउन' आणि 'रीस्टार्ट' एक नव्हेत

संगणक बंद करून पुन्हा चालू केला, तरी फरक पडला नाही, असे अनेक जण सांगतात. त्याचे कारण २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासूनच्या 'फास्ट स्टार्टअप' या सोयीत आहे. ही सोय चालू असताना 'शट डाउन' केले की विंडोजचा गाभा आणि त्यातील ड्रायव्हर यांची स्थिती पूर्णपणे पुसली जात नाही. ती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तशीच उचलली जाते. संगणक त्यामुळे लवकर सुरू होतो खरा, पण बिघडलेला ड्रायव्हरही जसाच्या तसा परत येतो. 'रीस्टार्ट' निवडल्यावर मात्र सर्व काही नव्याने उभे राहते. म्हणून शट डाउनवर विसंबू नये, माउसने रीस्टार्ट करावे. रीस्टार्टनंतर की-बोर्ड हमखास चालतो आणि रोज सकाळी पुन्हा रुसतो, असे दिसले तर कंट्रोल पॅनेलमधील 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाकावी.

वीज वाचवण्याची आणखी एक सोयही कधी अंगाशी येते. विंडोज न वापरलेल्या यूएसबी साधनांचा वीजपुरवठा रोखून धरू शकते. काही की-बोर्ड व हब या झोपेतून नीट जागे होत नाहीत. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये यूएसबी हबच्या गुणधर्मांत 'पॉवर मॅनेजमेंट' या पानावर वीज तोडण्याची परवानगी देणारी खूण असते. ती काढल्यास हा प्रश्न सुटतो.

ड्रायव्हरच्या वाटेतील अडसर

इतके करूनही की-बोर्ड गप्पच असेल तर ड्रायव्हरकडे वळावे. स्टार्टच्या चिन्हावर माउसचे उजवे बटन दाबून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा आणि 'की-बोर्ड्स' या शीर्षकाखाली पिवळा त्रिकोण दिसतो का ते पाहावे. लॅपटॉपमध्ये तेथे 'स्टँडर्ड पीएस/२ की-बोर्ड' असे नाव दिसल्यास गोंधळून जाऊ नये. आयबीएमने १९८७ साली आणलेल्या पीएस/२ संगणकांतील ही पद्धत बाहेरच्या जोडण्यांतून जवळपास हद्दपार झाली असली, तरी अनेक लॅपटॉपचा अंगचा की-बोर्ड आतून आजही त्याच पद्धतीने जोडलेला असतो.

त्रिकोण असलेल्या नोंदीवर उजवे बटन दाबून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' निवडावे आणि माउसने संगणक रीस्टार्ट करावा. ड्रायव्हरच्या फायलीही पुसून टाकण्याविषयी विचारणा झाल्यास तेथे खूण करू नये. विंडोज पुन्हा सुरू होताना की-बोर्ड ओळखून ड्रायव्हर नव्याने बसवते. हा बिघाड ड्रायव्हर बदलल्यानंतर सुरू झाला असेल तर गुणधर्मांमधील 'रोल बॅक ड्रायव्हर' उपयोगी पडते.

'कोड ३९' किंवा 'कोड १९' असा संदेश दिसत असेल तर कारण बहुधा निराळे असते. काही अँटिव्हायरस, कळांची अदलाबदल करणारी सॉफ्टवेअर आणि कळांवर पाळत ठेवणारे छुपे प्रोग्राम विंडोजच्या की-बोर्ड ड्रायव्हरच्या वाटेत आपली एक चाळणी बसवतात. तो प्रोग्राम अर्धवट काढला गेला की चाळणीची फाइल नाहीशी होते, पण विंडोजच्या रजिस्ट्रीतील तिची नोंद मागे उरते. विंडोज ती चाळणी शोधत राहते, ती सापडत नाही आणि की-बोर्डचा ड्रायव्हरच सुरू होत नाही. अशा वेळी बाजारातील प्रत्येक नवा की-बोर्ड त्या संगणकावर मुकाच राहणार, हे उघड आहे. रजिस्ट्रीत हात घालणे जाणकारांचे काम आहे. इतरांनी संबंधित प्रोग्राम पुन्हा बसवून रीतसर काढावा, किंवा 'सिस्टीम रिस्टोअर'ने बिघाडापूर्वीच्या तारखेला परत जावे. यात वैयक्तिक फायलींना धक्का लागत नाही.

दोष वापरकर्त्याचा नसतो तेव्हा

कधी कधी घोटाळा थेट विंडोजकडूनच होतो. १३ फेब्रुवारी २०१८ रोजी आलेल्या विंडोज १० च्या केबी ४०७४५८८ या अपडेटनंतर काही संगणकांवरील यूएसबी साधने, लॅपटॉपचे कॅमेरे आणि की-बोर्ड बंद पडले. अपडेट बसवणारी यंत्रणा काही आवश्यक ड्रायव्हरची नवी आवृत्ती बसवायचे वगळत होती आणि जुनी मात्र काढून टाकत होती. मायक्रोसॉफ्टने ५ मार्च २०१८ रोजी त्यावर दुरुस्ती दिली.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी आलेल्या विंडोज ११ च्या केबी ५०६६८३५ या अपडेटने तर वेगळाच पेच टाकला. नेहमीच्या विंडोजमध्ये यूएसबी की-बोर्ड व माउस व्यवस्थित चालत, परंतु बिघाड झाल्यावर ज्या 'रिकव्हरी' पडद्याचा आधार घ्यायचा, तेथे ते दोन्ही निकामी होत. औषधाच्या कपाटाची किल्लीच कपाटात राहावी, असा तो प्रकार. २० ऑक्टोबर २०२५ रोजी तातडीची दुरुस्ती प्रसृत करून कंपनीने तो निस्तरला. अपडेटनंतर लगेच सुरू झालेल्या बिघाडात म्हणूनच की-बोर्ड बदलण्याआधी अपडेट मागे घेता येते का, किंवा त्यावर पुढची दुरुस्ती आली आहे का, ते पाहावे.

जुने विंडोज आणि नवा संगणक यांची जोडी जमवू पाहणाऱ्यांचा अनुभव याच कुळातला आहे. २००९ साली आलेल्या विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चे ड्रायव्हर मुळातून नव्हते. २०१५ च्या सुमारास इंटेलच्या नव्या मदरबोर्ड चिपसेटमधून यूएसबी २.० चा जुना नियंत्रक वगळण्यात आला, आणि विंडोज ७ ची सीडी लावताच बायोसमध्ये चालणारा की-बोर्ड पहिल्याच पानावर थिजू लागला. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या आवृत्तीला चिकटून राहण्याची ही एक न दिसणारी किंमत आहे.

वायर, लहरी आणि बिजागरी

डेस्कटॉपवर यूएसबीची वायर पुढच्या छिद्रातून काढून मागे, थेट मदरबोर्डवरील छिद्रात लावून पाहावी. मध्ये हब असल्यास तो टाळावा. जुना जांभळ्या रंगाचा गोल पीएस/२ प्लग मात्र संगणक बंद करूनच लावावा. तो चालू असताना लावला तर पुढच्या रीस्टार्टपर्यंत बहुधा ओळखला जात नाही. की-बोर्डवरच संशय असेल तर तो ओटीजी जोडणीने अँड्रॉइड मोबाइलला लावून पाहावा. मोबाइलवर अक्षरे उमटली, तर नवा की-बोर्ड घेण्याचा खर्च वाचला.

वायरलेस की-बोर्डमध्ये प्रथम बॅटरी बदलावी. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा रिसीव्हर यूएसबी ३.० च्या छिद्राशेजारी असेल तर त्या छिद्रातील गोंगाट लहरींत मिसळतो, हे इंटेलने २०१२ साली दाखवून दिले होते. रिसीव्हर दूरच्या छिद्रात किंवा छोट्या एक्स्टेन्शनवर लावणे हा त्यावरचा उपाय. ब्लूटूथ की-बोर्ड तर बायोस आणि बिटलॉकरच्या पडद्यावर सहसा चालतच नाही. म्हणून तो वापरणाऱ्याने एक साधा, वायरचा यूएसबी की-बोर्ड घरात ठेवावाच.

लॅपटॉप पूर्ण मागे वळवता येणारा असेल तर त्याच्या बिजागरीकडे लक्ष द्यावे. पडदा मागे वळला की कळा बंद करण्यासाठी तेथे सेन्सर असतो. तो अडकला, किंवा चुंबक असलेले कव्हर जवळ आले, की विंडोज लॅपटॉपला टॅब्लेट समजते आणि की-बोर्ड झोपवते. अन्य लॅपटॉपमध्ये चार्जर काढून, शक्य असल्यास बॅटरी बाजूला करून पॉवरचे बटन अर्धा मिनिट दाबून धरल्यास आतील नियंत्रक चिप नव्याने सुरू होते आणि कित्येकदा तेवढ्यानेच काम होते. काही ठरावीक कळाच मेल्या असतील, किंवा चहा-पाणी सांडले असेल, तर मात्र सॉफ्टवेअरचे उपाय व्यर्थ आहेत. संगणक ताबडतोब बंद करून तो तंत्रज्ञाकडे न्यावा.

दुकानाची पायरी चढण्यापूर्वी

दुरुस्तीला नेण्याची वेळ आलीच तर तंत्रज्ञाला तीन गोष्टी सांगाव्यात: बायोसमध्ये की-बोर्ड चालतो की नाही, कॅप्स लॉकचा दिवा लागतो की नाही, आणि बिघाड कोणत्या अपडेटनंतर किंवा कोणता प्रोग्राम बसवल्या-काढल्यानंतर सुरू झाला. एवढ्या माहितीवर जाणता कारागीर निम्म्या शक्यता तिथल्या तिथे खोडून काढतो. फॉरमॅटचा सल्ला मिळाल्यास, दुसऱ्या डिस्कवरून किंवा लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून की-बोर्ड तपासला आहे का, असे विचारावे. तेथे तो चालत असेल तर यंत्र ठणठणीत आहे आणि दोष विंडोजमध्ये आहे, हे सिद्ध होते. विंडोज दुरुस्त करताना फायली शाबूत ठेवण्याचे मार्गही उपलब्ध आहेत. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे. तोवर पोहोचण्यापूर्वी फायलींची प्रत हाती असणे आणि ४८ अंकी किल्ली कागदावर असणे, या दोन गोष्टी कोणत्याही नव्या की-बोर्डपेक्षा अधिक मोलाच्या ठरतात.